चिमटीतला दगड

मी दुकानात आता बसत नाही. उभी असते. काउंटरमागची खुर्ची जिथल्या तिथे आहे. तिच्यावर मी ब्लेडची खोकी रचून ठेवली आहेत, म्हणजे कुणी ‘बसा ना बाई’ म्हणू नये. शटर वर केलं की दारापासून मागच्या शेडपर्यंत जायचं, शेडमधून पुन्हा दारात यायचं, रस्त्याकडे बघायचं, एखादं पुसलेलं ब्लेड पुन्हा पुसायचं. हा लेखही काउंटरवर कागद ठेवून उभ्यानेच लिहिते आहे, आणि एकेक परिच्छेद झाला की शेडपर्यंत जाऊन येते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ म्हणून फोन केला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी कुणी काहीही मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

आमचं दुकान चंद्रपुरात आहे. एका बाजूला बी-बियाण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला मोटार वाइंडिंगवाला. दगड आणि काँक्रीट कापायची डायमंड ब्लेडं आम्ही विकतो. ‘आम्ही’ लिहून गेले. राहू द्या.

माझे यजमान मधुकर या उन्हाळ्यात गेले. घरात मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. लिहिताना मात्र ‘मधुकर’ म्हणते, त्याशिवाय वाक्य पुढे जात नाही. ते मूळचे फरशीचे कारागीर. कापता कापता कापायच्या हत्यारांची माहिती झाली आणि दुकान टाकलं. मी मराठी घेऊन एम.ए. केलेलं. तासिका तत्त्वावर थोडे दिवस कॉलेजात शिकवलं आणि मग काउंटरवर आले. मी पुढे, ते मागच्या शेडमध्ये. कुणी दगडाचा तुकडा घेऊन आला की त्याला कोणतं ब्लेड लागेल ते मधुकर तिथे कापून दाखवत.

सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि माझ्या खांद्यावरून आत बघायचं.

“भाऊ नाईत का?”

“मी आहे ना.”

“नाई, ब्लेडचं विचाराचं होतं.”

“ब्लेडचंच सांगते.”

“असू द्या. मंग भाऊ केव्हा येतीन?”

असे कितीतरी जण बियाण्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून भाऊंची वाट बघायचे. भाऊ आले की तेच ब्लेड घेऊन जायचे, जे मी दाखवलेलं असायचं. मला राग यायचा, पण मग मी काउंटरखालचं पुस्तक काढायची. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला नाही तर वाचायला वेळ मिळतो, हा या धंद्यातला माझा खासगी फायदा होता.

संध्याकाळी मधुकर शेडमधून बाहेर आले की त्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असत. त्यांचे कपडे घरच्या कपड्यांत टाकता येत नसत. अंगणात त्यासाठी दोन बादल्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या. पहिल्या बादलीतून दगड निघायचा, दुसरीतून शर्ट.

ज्यांनी हे ब्लेड कधी हातात धरलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. डायमंड ब्लेड म्हणजे पोलादाची एक गोल चकती. तिच्या कडेला जे दात असतात ते धातूच्या भुकटीत हिऱ्याची बारीक कणी मिसळून, दाबून, भाजून केलेले असतात. कापतो तो हिरा. धातू त्याला फक्त धरून ठेवतो. पण हिराही झिजतो. झिजलेला कण गळून पडला पाहिजे आणि त्याच्या मागचा नवा कण उघडा पडला पाहिजे, तरच ब्लेड चालतं. पेन्सिलीसारखं आहे. शिसं लिहितं, लाकूड त्याला धरतं, पण लाकूड तासलं गेलं नाही तर शिसं बाहेर येत नाही.

आता गंमत अशी की कडक दगडाला नरम ब्लेड लागतं आणि नरम दगडाला कडक. हे निम्म्या गिऱ्हाइकांना आजही पटत नाही. ग्रॅनाइटसारखा घट्ट दगड धातूला घासत नाही. म्हणून दातांतला धातू मुळातच नरम हवा, लवकर झिजणारा, नाहीतर बोथट हिरे तसेच अडकून राहतात आणि ब्लेड काचेसारखं गुळगुळीत होतं. आमच्याकडे म्हणतात, ब्लेड चिकनं झालं. उलट आमचा चंद्रपूरचा वालुकाश्म, ज्याचा किल्ल्याचा परकोट आहे, तो हाताला मऊ, पण त्यातली वाळू कानशीसारखी घासते. त्याला नरम ब्लेड लावलं तर दुपारपर्यंत दात संपतात. आणि चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत दगड तरी किती! गडचांदूरकडे चुनखडी, वरोऱ्याकडे काळा पत्थर, इथे वालुकाश्म, आणि जंगलात आत गेलं, आलापल्लीच्या बाजूला, की ग्रॅनाइटसारखा घट्ट. काँक्रीटचंही तसंच. जिथली गिट्टी आणि जिथली रेती, तसं काँक्रीट. पाच-सहा तासांच्या रस्त्यावर ब्लेड बदलावं लागतं.

शब्बीरभाईंची ओळख यातूनच झाली. कटिंगचे ठेके घेणारा माणूस, बल्लारपूरचा, आवाज मोठा. एकदा गडचिरोलीहून परतताना थेट दुकानात आले आणि ब्लेड काउंटरवर आपटलं.

“भाभी, ये क्या दिया? कापून नाई राह्यलं, नुसतं गाना गाऊन राह्यलं!”

मधुकर बाहेर आले. ब्लेडच्या दातांवरून अंगठा फिरवला, शेडमध्ये गेले आणि ते मशीनला लावून परकोटाच्या दगडाच्या एका तुकड्यात दोन-चार काप घेतले. बाहेर येऊन ब्लेड शब्बीरभाईंच्या हातात दिलं. गुळगुळीत दात पुन्हा खरखरीत झाले होते.

“मेलं नवतं, झोपलं होतं,” मधुकर म्हणाले. “पन त्या दगडाले हे ब्लेड नाई. दुसरं घेऊन जा.”

शब्बीरभाईंनी ब्लेड बोटावर टांगलं, खिळ्याने टंग वाजवलं, कान लावून ऐकलं. ही त्यांची सवय. आजही ब्लेड वाजवल्याशिवाय घेत नाहीत. तडा असेल तर आवाज फुटतो, हे खरं आहे. पण ते सोन्याच्या दुकानात गेले तरी वाजवून बघतील अशी मला शंका आहे.

मधुकरांची सवय वेगळी होती. ते भुकटी वाचत. दगडात बोटभर कोरडा काप घ्यायचा, पाण्याशिवाय. जी भुकटी उडेल ती नाकाशी येऊ द्यायची, खाली पडेल ती चिमटीत धरून चोळायची, आणि अगदीच शंका आली तर कणभर जिभेवर. दातांखाली करकर वाजली की कोणतं ब्लेड ते ठरायचं. लांबून लोक त्यासाठी येत. ‘भाऊ दगड चाखून सांगते’ असं म्हणत. मी पाणी वापरा म्हणायची, रुमाल बांधा म्हणायची. ते हसून म्हणायचे, “वास घेतल्याबिगर तू भाजी उतरवते का?” विकायला ठेवलेले मास्क काउंटरच्या वर एका तारेवर टांगलेले असत. त्यांच्यावरही धूळ बसायची.

दम लागायला लागला तेव्हा आधी आम्ही वयावर ढकललं. मग छातीचा फोटो झाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, “काम काय करता?” एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकून फोटो हळूच खाली ठेवला. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. घरातल्या घरात, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ते भिंतीला हात लावून थांबत. बोलायचं असलं तर थांबून बोलत, मग बोलायचं थांबवून नुसते थांबत.

शेडपर्यंत जाऊन आले.

मधुकर गेल्यावर भेटायला बरेच लोक आले. त्यात पोंभुर्ण्याजवळच्या गावाहून दिलीप आला, बायकोला घेऊन. दिलीप हा मधुकरांच्या हाताखाली तयार झालेला कारागीर, आता चाळिशीचा. शब्बीरभाईंची बहुतेक कामं तोच करतो. बायको संगीता. घरी धानाची शेती आणि उन्हाळ्यात जंगलातलं जे मिळेल ते. तिने पिशवीभर टेंभरं, तेंदूची फळं, आणली होती. दिलीप पुढच्या खोलीत बायांच्या घोळक्याला ओलांडून मधुकरांच्या फोटोसमोर उभा राहिला, वाकला, आणि वाकताना त्याला खोकला आला. तो तसा साधा खोकला नव्हता. तो मी ओळखत होते. घरात वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज दुसऱ्याच्या छातीतून येत होता.

संगीता माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आली आणि टेंभरं सोलता सोलता म्हणाली,

“बाई, एक बोलू का? भाऊले बी असंच सुरू झाल्तं का?”

“काय?”

“खोकला. आन् याले गच्चीच्या पायऱ्या चढ्याले दम लागून राह्यला. विचारलं तं म्हनते, बिडी सोडली म्हनून लागते. बिडी सोडल्यानं कोनाले दम लागते का बाई?” तिने हातातलं फळ बाजूला ठेवलं. “तुमी सांगा त्याले. माह्यं नाई ऐकत.”

त्या दिवसापासून मला बसवेना. मधुकरांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, पण दिलीपचं अजून व्हायचं होतं. आणि तो अजूनही कोरडंच कापत होता, जंगलात कुठे ना कुठे, दर दिवशी.

मी दुकानात फर्मान काढलं: पाण्याची सोय नसेल तर आमच्याकडून ब्लेड नाही. गिऱ्हाइकं ऐकून घेत, मान डोलवत आणि चौकातल्या दुसऱ्या दुकानात जात. वाइंडिंगवाला म्हणाला, “बाई, तुमी दुकान चालवता का शाळा?” पावसाळ्याच्या तोंडाला दिलीप आला. दारातच मी त्याला धरलं.

“दिलीप, पाण्यावर काप.”

“कुठून आनू पानी? आमच्या साइटा जंगलात. प्याले पानी ट्रॅक्टरनं येते बाई.”

“मग मास्क लाव. नीट बसणारा.”

“लावतो.” म्हणजे लावत नाही. “आन् लाइटीच्या ग्राइंडरवर पानी टाकलं तं करंट लागन. तुमीच सांगत होत्या ना?”

त्याचं खोटं नव्हतं. हातातल्या साध्या ग्राइंडरवर पाणी ओतून माणसं मेलेली आहेत. पाण्यासाठी मशीनच तसं लागतं, किंवा पेट्रोलवरचं कटर. ते शब्बीरभाईंकडे होतं. त्याला पाण्याची नळी जोडायची जागा होती, आणि ती नळी कधीच जोडली जात नव्हती.

“पेट्रोलचं कटर आहे ना तुझ्याकडे?”

“हाय. पन पान्यात दगड मुका होते बाई. भुकटी उडन तेव्हाच समजते ना, कोन्तं ब्लेड पाह्यजे. भाऊनं कोरडंच शिकवलं मले.”

“भाऊ कुठे आहेत आता?”

हे मी म्हणायला नको होतं की हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. दिलीपने हातातलं ब्लेड काउंटरवर ठेवलं, अगदी आवाज न करता, आणि निघून गेला. त्यानंतर तो दुकानात आला नाही. ब्लेड न्यायला शब्बीरभाई येत. दिलीप कुठे आहे विचारलं की म्हणत, “काम करून राह्यला भाभी. तुमाले भेते.”

मग पावसाने थोडी उघडीप दिली तेव्हा शब्बीरभाई एक काम घेऊन आले. आलापल्लीच्या पुढे एका आरोग्य केंद्रात जायला काँक्रीटचा उतार केलेला आहे. त्या उताराच्या वळणावर कठड्याची भिंत अशी घातलेली की स्ट्रेचर वळत नाही. बाळंतपणाला आलेल्या बाईला तिथे उतरवून हातांवर आत न्यावं लागतं. तेवढी भिंत कापायची. पण भिंतीला लागूनच बाळंतिणींच्या खोलीची खिडकी, आणि डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं, धूळ आत आली तर काम बंद.

“मतलब पान्यावर कापा लागन,” शब्बीरभाई म्हणाले. “दिलीप म्हनते, कोरडा काप घेतल्याबिगर ब्लेड ठरवता येत नाई. भाऊ असते तं त्यायले घेऊन गेलो असतो. तुमी चला भाभी.”

“मी जाऊन काय करणार?”

“काई नाई. इथी उभ्या राह्यता, तिथी उभ्या राहा.”

मी तीन ब्लेडं पिशवीत टाकली, नरम, मधलं आणि कडक, आणि गाडीत बसले. रस्ता सागाच्या जंगलातून जातो. सागाला फुलोरा आलेला होता. मी खिडकीतून बघत होते आणि काहीच बोलत नव्हते. शब्बीरभाईंना ते सोसवेना.

“भाभी, तुमी बोलत नाई तं मले गाडी पंक्चर झाल्यावानी वाटते.”

केंद्रावर पोचलो तेव्हा वीज गेलेली होती. दिलीप भिंतीवर खडूने रेघ आखून बसला होता. मला बघून उठला.

“बाई, तुमी?”

“शब्बीरभाईंनी आणलं.”

तो शब्बीरभाईंकडे बघत राहिला आणि शब्बीरभाई झाडाकडे. दिलीप वाळला होता. छिन्नीने त्याने भिंतीचा टवका काढलेला होता. त्यात गिट्टी दिसत होती, काळपट-गुलाबी, पण सिमेंट किती घट्ट, रेती कशी, हे टवक्यावरून सांगता येत नाही. डॉक्टर मॅडम खिडकीशी येऊन म्हणाल्या, “आत कालचं बाळ आहे. खिडकीला नुसती जाळी आहे. सांभाळून.” आणि परत आत गेल्या.

दिलीपने पेट्रोलचं कटर उचललं.

“बाई, बोटभर कोरडा काप घेतो. एकच. हवा तिकडून हाय, धूळ आत जात नाई. चिमूटभर भुकटी पाहतो आन् मंग पुरं काम पान्यावर. कबूल?”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दोरी ओढायला वाकला, आणि वाकताना पुन्हा तो खोकला आला.

मी जाऊन भिंतीवर बसले. बरोबर त्याच्या खडूच्या रेघेवर.

“ले भाई,” शब्बीरभाई म्हणाले, “धरना आंदोलन सुरू झालं.”

“उठा बाई,” दिलीप म्हणाला. “भिंत गरम हाय.”

“असू दे.”

“लोकं पाहून राह्यले.”

खरंच बघत होते. बाहेर झाडाखाली चार-पाच माणसं होती, आणि खिडकीतून डॉक्टर मॅडमही. “काय चाललंय तिथे?” त्यांनी विचारलं.

“काई नाई मॅडम,” शब्बीरभाई म्हणाले, “बाई मोजमाप घेऊन राह्यल्या.”

दिलीप कटर खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, भाऊ एका चिमटीत सांगत होते. तुमी पाह्यलं ना.”

“पाहिलं. आणि त्यानंतर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ते भिंतीला हात लावून थांबायचे, तेही पाहिलं. ते तू नाही पाहिलंस. एकदाच, बोटभर, चिमूटभर. दर दगडाला बोटभर, दिलीप. त्यांनी पण एवढंच घेतलं होतं.”

“मले काई होत नाई.”

“संगीताला पायऱ्या दिसतात.”

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, “तिनं सांगितलं तुमाले?” आणि थोड्या वेळाने भिंतीच्या दुसऱ्या टोकाला येऊन तोही बसला. आम्ही दोघं तसे बसलो होतो, मी अजून रेघेवरच. गाडीतला प्रवास सोडला तर उन्हाळ्यापासून मी एवढा वेळ एका जागी बसले नव्हते, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

“पानी कुठी हाय पन?” अखेर दिलीप म्हणाला.

वीज नाही म्हणून टाकी रिकामी. हातपंप रस्त्यापलीकडे. बादलीने ओतलेलं पाणी फिरत्या ब्लेडवर टिकत नाही. त्याला सारखी, दाबाची धार लागते. आम्ही बोलत होतो तेव्हा झाडाखालचा एक माणूस जवळ आला. आतलं कालचं बाळ त्याचं होतं.

“माह्या घरी फवारनीचा पंप हाय,” तो म्हणाला. “पाठीवरचा. चालन का?”

“औषध मारलेला?” मी विचारलं.

“नाई बाई, नवा हाय. धानावर अजून नाई मारला. पह्यलं पोरगीच झाली.”

पंप आला. शब्बीरभाईंनी त्याच्या नळीचं टोक कटरच्या पाण्याच्या तोटीला बसवलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून. बाप पंप पाठीला लावून उभा राहिला आणि दांडा मारू लागला. मी मास्क पुढे केला. दिलीपने तो बांधला. मधलं ब्लेड लावलं. मी रेघेवरून उठले.

पाण्यावर काप सुरू झाला. धूळ उडाली नाही. राखाडी पाणी भिंतीवरून ओघळू लागलं. पण थोड्याच वेळात आवाज चढला, बारीक झाला, आणि काप पुढे सरकेना. दिलीपने मशीन बंद केलं.

“पाहा. चिकनं झालं.” त्याच्या बोलण्यात थोडा विजय होता आणि थोडी भीती. “आता सांगा, कोन्तं लावू? नरम का कडक? चुकीचं लावलं तं दात जातीन आन् काम अर्धं राहीन. भुकटी तं वाहून गेली.”

भिंतीच्या पायथ्याशी चिखल साचला होता. मी वाकून तो चिमटीत घेतला. का घेतला ते सांगता येत नाही, उभ्या जागी काहीतरी करायची सवय झाली होती म्हणून असेल. अंगठा आणि बोट घासलं. गुळगुळीत. मळून ठेवलेल्या कणकेसारखं, ओढलं तर ताणेल असं.

आणि मला अंगणातली पहिली बादली आठवली. नाही, आठवली म्हणणं बरोबर नाही. हातात आली. मधुकरांचे कपडे भिजवून उपसले की तळाशी जो दगड राही, तो मी हाताने खरवडून काढत असे. वालुकाश्म कापलेला असला की तळाशी रवा लागायचा, बोटांना टोचायचा. आलापल्लीकडचा घट्ट दगड शेडमध्ये आला असेल त्या दिवशी अशी कणीक. दोन्हीच्या मधलं काळ्या पत्थराचं, साईसारखं, तळाशी थोडी कणी. मधुकर शेडमध्ये कोणता दगड कापत होते ते मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती.

“नरम लाव,” मी म्हटलं.

“कसं काय?”

“हा चिखल घासत नाही. ब्लेडच्या धातूला तो झिजवणार नाही, म्हणून मधलं चिकनं झालं. नरम लाव.”

दिलीप माझ्या बोटांकडे बघत होता. “तुमाले कसं समजलं?”

“भाऊंचे कपडे कोण धूत होतं?”

त्याने नरम ब्लेड लावलं. बाप दांडा मारू लागला. या वेळी आवाज जाड आला, भरलेला, एकाच सुरात, आणि काप रेघेवरून असा सरकत गेला की शब्बीरभाईंनी हातातला खिळा खिशात टाकला. मधे एक सळई लागली तेव्हा ठिणग्या उडाल्या आणि पाण्यात विझल्या. खिडकीतून डॉक्टर मॅडमनी एकदा बाहेर डोकावून बघितलं, जाळीवरून बोट फिरवून पाहिलं आणि परत आत गेल्या.

तुकडा सुटला तेव्हा दिलीपने मशीन ठेवलं, मास्क गळ्यात ओढला, आणि पायथ्याचा चिखल स्वतःच्या चिमटीत घेतला. चोळला. डोळे बारीक केले. आणि सवयीने बोट तोंडाकडे गेलं.

“दिलीप!”

तो दचकला आणि बोट पँटला पुसून हसला. मधुकरांच्या नंतर मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. “आदत हाय बाई,” तो म्हणाला. मग चिखलाकडे बघत, “वालुकाश्माचं कसं लागते, सांगा बरं. रवा म्हनल्या ना?”

परत येताना मी त्या दोघांना बादलीतलं सगळं सांगितलं. चुनखडीचं, कोळशाची राख घातलेल्या काँक्रीटचं, ताज्या काँक्रीटचं. ताजं काँक्रीट तर नदीच्या रेतीसारखं बोटं सोलून काढतं. शब्बीरभाई म्हणाले, “भाभी, आता थोडं थांबा, गाडी चालवून राह्यलो.”

दिलीपच्या छातीचा फोटो काढला. तो तयार नव्हता, संगीताने नेला. तिने मला फोनवर सांगितलं: थोडं आहे. डॉक्टर म्हणाले, धूळ बंद केली तर तिथेच थांबवता येईल कदाचित. ‘कदाचित’ हा शब्द तिने दोनदा उच्चारला. आता पेट्रोलच्या कटरबरोबर एक फवारणीचा पंप कायमचा गाडीत असतो. त्याच्यावर दिलीपने रंगाने ‘औषध नाई’ असं लिहिलंय.

आणि नवीन दगड लागला की तो मला चिखल पाठवतो. पान-मसाल्याच्या रिकाम्या डबीत भरून, बसच्या कंडक्टरच्या हाती. माजरीहून एक आली, भद्रावतीहून एक, गेल्या आठवड्यात पोंभुर्ण्याची. पण डबी माझ्यापर्यंत येईतो तो चिखल वाळून जातो आणि आत पुन्हा कोरडी भुकटी झालेली असते. म्हणून मी ती तशी उघडत नाही. खुर्चीवरची खोकी खाली ठेवते. अंगणातली पहिली बादली आता दुकानातच असते, ती भरून आणते, डबी पाण्याखाली धरून झाकण काढते, आणि तळाशी बसलेलं हाताला लागेपर्यंत वाट बघते. हे काम उभ्याने होत नाही.